लोंगेवालाला कोण कोण मेलं नव्हतं

1971 च्या युद्धातल्या लोंगेवालाच्या लढाईत भारताचे 2 जवान गेले. त्या लढाईवरचा 'बॉर्डर' हा पिक्चर बघून मोठ्या झालेल्या कुणालाही हा आकडा सांगून बघा, समोरून "काहीतरीच काय, सगळेच तर मेले होते की" हे येणारच, आणि वर सांगणाऱ्याकडेच संशयाने बघतात, की हा माणूस आपल्या शहिदांची संख्या कमी कशाला करतोय. युद्धाचे पिक्चर किती खरे असतात यावर गप्पा पुष्कळ होतात पण त्या सगळ्या हवेतल्या, म्हणून इथे एकच लढाई, एकच पिक्चर आणि त्यावरून आमच्याकडे झालेलं एक भांडण एवढंच घेतलंय.

भांडण असं झालं. आम्ही धानोरीला राहतो, इकडे लोहगावचं एअरफोर्स स्टेशन, तिकडे दिघी, खडकी, त्यामुळे सोसायटीत फौजेतून रिटायर झालेली बरीच मंडळी आहेत. 26 जानेवारीला सकाळी झेंडा, मग जिलबी, आणि संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून एक देशभक्तीचा पिक्चर, हा ठरलेला कार्यक्रम. यंदा 'बॉर्डर' लावला होता. हॉल भरलेला, बायका डोळे पुसतायत, लहान पोरं पण चिडीचूप, आणि पडद्यावर अक्षय खन्नाचा धरमवीर पडला तसे मागच्या रांगेतून सुभेदार काका मोठ्यांदा म्हणाले, "हा मेला नव्हता." लोकांनी शूऽऽ केलं. सुनील शेट्टीच्या भैरोसिंगच्या वेळी परत तेच, "हापण नव्हता मेला." मग कल्चरल कमिटीच्या मॅडम उठून मागे गेल्या आणि "काका, प्लीज, पोरं बघतायत" असं काहीतरी म्हणाल्या, काका गप्प बसले, पण पिक्चर संपल्यावर चहाच्या टेबलाजवळ व्हायचं ते झालंच.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. हा पिक्चर आहे, डॉक्युमेंटरी नाही, पोरांच्या अंगावर काटा येतोय, सैनिकाबद्दल आदर वाटतोय, बास की, आणि काय पाहिजे? काकांचं म्हणणं त्याहून सरळ, "ताई, जिवंत माणसाला मारायचं नसतं." काका साताऱ्याकडचे, ईएमईमधून रिटायर झाले, म्हणजे टँक, गाड्या, तोफा दुरुस्त करणाऱ्या खात्यातून. 71 ला राजस्थानच्या आघाडीवर मागे वर्कशॉपमध्ये होते, लोंगेवालाला नव्हते आणि होते असा दावाही ते करत नाहीत. तेवढ्यात दहावीतल्या एका पोराने विचारलं, "मग आजोबा, खरं काय झालेलं?" आणि गंमत म्हणजे तिथे उभ्या असलेल्या दहा-बारा मोठ्या माणसांपैकी, यात मीही आलो, कुणालाच ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगता येईना. पिक्चरमधला प्रत्येक डायलॉग मात्र सगळ्यांना पाठ.

तर आधी झालं काय होतं ते.

1971 चा डिसेंबर. 3 तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध उघड सुरू झालं. लोंगेवाला म्हणजे जैसलमेर जिल्ह्यातली, सीमेच्या अलीकडची वाळूच्या उंचवट्यावरची एक ठाणेवजा जागा, तिथे 23 पंजाबची ए कंपनी, साधारण 120 जवान, कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. सोबत बीएसएफचे थोडे लोक आणि त्यांचे उंट. मोठी शस्त्रं म्हणाल तर मशीनगन, मॉर्टर, आणि जीपवर बसवलेली एक टँकविरोधी तोफ, जिला फौजेत आरसीएल म्हणतात. 4 तारखेच्या रात्री लेफ्टनंट धरमवीर यांची गस्त सीमेच्या खांबांकडे गेली होती, त्यांना अंधारात पलीकडून इंजिनांचे आवाज यायला लागले. एकदोन नाही, लांबलचक रांगच. पाकिस्तानची 51 वी ब्रिगेड निघाली होती, सोबत 40 च्या वर टँक, त्यात चिनी टी-59 आणि जुने शर्मन. बेत असा होता की लोंगेवाला घ्यायचं, तिथून रामगढ आणि मग जैसलमेर.

चांदपुरींनी मागे कळवलं तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की सकाळपर्यंत विमानं येऊ शकत नाहीत, तुम्ही थांबा किंवा रामगढकडे मागे या, निर्णय तुमचा. ते थांबले. हे पिक्चरमध्येही आहे आणि ते खरंच आहे. घाईघाईत थोडे टँकविरोधी सुरुंग पेरले. टँक अगदी जवळ येईपर्यंत कुणी गोळी झाडायची नाही असं ठरलं आणि तसंच केलं, मग आरसीएलने पुढचे टँक टिपले, त्यातला एक पेटला त्याच्या उजेडात मागचे दिसायला लागले.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट, जी पिक्चर बघून कुणाच्याच लक्षात राहत नाही. ठाण्याभोवती काटेरी तारेचं साधं कुंपण होतं. पाकिस्तानी पायदळाला वाटलं तार आहे म्हणजे सुरुंगाचं शेत असणार, ते थबकले, सुरुंग शोधणाऱ्या तुकडीची वाट बघत बसले, आणि त्यात तास दोन तास गेले, रात्रीचे, म्हणजे त्यांच्या सगळ्यात उपयोगाचे. नंतर कळलं की तिथे काहीच नाही. तोवर उजाडायला आलेलं. मग टँकनी बाजूने वळसा घालायला बघितलं तर रस्ता सोडल्याबरोबर मऊ वाळू, टँक रुतायला लागले, इंजिनं तापून बंद पडायला लागली. काका इथे खुलतात. ते म्हणाले, "रस्त्याची आधी पाहणी न करता रात्री वाळूत टँक घालणं म्हणजे पावसाळ्यात नांगरलेल्या रानात ट्रक घालणं. ड्रायव्हर जेवढा जास्त जोर लावणार तेवढा खाली जाणार." पट्ट्यांमध्ये वाळू जाऊन काय होतं ते त्यांनी हाताने करून दाखवलं, चहाचा कप बाजूला ठेवून, आणि त्या पाच मिनिटांत पोरं जितकी गुंतलेली तेवढी क्लायमॅक्सलाही नव्हती, हे माझं मत.

5 तारखेला उजाडलं तशी जैसलमेरहून हंटर विमानं आली. हंटरला रात्री लढता येत नव्हतं, म्हणून तर ही सगळी रात्र काढायची होती. सकाळी मात्र खाली उघड्या वाळवंटात टँक, वर आडोसा नाही, पाकिस्तानची विमानं मदतीला नाहीत, आणि हंटरकडे रॉकेट आणि 30 मिलिमीटरच्या तोफा. छोट्या कृषक विमानात बसलेले मेजर आत्मा सिंग लढाईवर घिरट्या घालून कुठला टँक कुठे आहे ते वैमानिकांना सांगत होते. साधं, हळू उडणारं विमान, त्यात चिलखत वगैरे काही नाही. त्यांना वीरचक्र मिळालं. आता पिक्चर पाठ असलेल्या कुणालाही आत्मा सिंग हे नाव विचारून बघा.

त्या सकाळचा हवेतून काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे, वाळूवर टँकच्या पट्ट्यांच्या वेड्यावाकड्या गोल गोल रेघा, विमानापासून वाचायला तो टँक कसा कसा वळला ते सगळं वाळूत उमटलेलं. त्यात रक्त नाही, स्फोट नाही, माणूस दिसत नाही, तरी बघून पोटात गोळा येतो. मला विचाराल तर त्या एका फोटोत अख्ख्या लढाईचं खरं चित्र आहे, आणि असा शॉट द्यायला 1997 मध्ये काही अवघड नव्हतं.

भारतीय नोंदीप्रमाणे पाकिस्तानचे 30 च्या वर टँक आणि शेकडो गाड्या तिथे राहिल्या, सुमारे 200 माणसं गेली. आपले 2. चांदपुरींना महावीरचक्र, सुभेदार रतन सिंग यांना वीरचक्र. लेफ्टनंट धरमवीर पुढे कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि 2022 मध्ये गेले. बीएसएफचे भैरोसिंग राठोड यांना सेना पदक मिळालं, ते जोधपूर जिल्ह्यातल्या सोलंकियातला गावी राहायचे आणि 19 डिसेंबर 2022 ला, ऐंशीच्या पुढे वय असताना, जोधपूरच्या एम्समध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे पडद्यावर टँकशी झुंजत मेल्यानंतर 25 वर्षं तो माणूस आपल्या गावात जगत होता.

पुण्याचा संबंध

काकांनी आणखी एक गोष्ट काढली जी मला आधी पुणेरी अभिमानाची वाटली पण नंतर वाटलं की प्रकरणाला ती महत्त्वाची आहे. लोंगेवालाची लढाई कुणाच्या हाताखाली झाली? सदर्न कमांडच्या. आणि सदर्न कमांडचं मुख्यालय कुठे, तर इथे, पुण्यात, आपण कॅम्पात जाताना ज्याच्या भिंतीवरून रोज जातो ते. 71 ला सदर्न कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर, जे पुढे लष्करप्रमुख झाले. जैसलमेर भागात त्यांच्या हाताखाली मेजर जनरल खंबाटा यांची 12 वी डिव्हिजन होती, आणि या डिव्हिजनचा स्वतःचाच बेत होता की आपण सीमा ओलांडायची आणि पाकिस्तानातल्या रहीमयार खानकडे मुसंडी मारायची.

म्हणजे काय, तर आपण हल्ला करायच्या तयारीत होतो आणि समोरून अख्खी ब्रिगेड आपल्याकडे निघालीय हे आपल्याला वेळेत कळलंच नाही. लोंगेवालाला 120 माणसं एकटी पडली ती यामुळे. आणि नंतर विजय झाला खरा, पण रहीमयार खानचा बेत बारगळला. हे पिक्चरमध्ये नाही. तिथे शत्रू कपटी आणि आपण थोडे पण शूर, एवढंच गणित आहे. थोडे का होते हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला वाटतं युद्धाच्या पिक्चरमध्ये सगळ्यात आधी जो बळी जातो तो हा "का", आणि त्याची कुणी तक्रारपण करत नाही कारण "का" विचारला की कुठलातरी साहेब, कुठलातरी नकाशा, कुठलीतरी चूक समोर येते, आणि त्यावर शिट्ट्या पडत नाहीत.

मग पिक्चरने नेमकं काय केलं

इथे जरा न्यायाने बोलायला पाहिजे, कारण काका रागात सगळंच खोटं म्हणत होते आणि तसं नाहीये. जे. पी. दत्तांचा 'बॉर्डर' 13 जून 1997 ला आला. त्यांचे भाऊ दीपक हे हवाई दलात वैमानिक होते आणि मिग विमानाच्या अपघातात गेले, पिक्चर त्यांना अर्पण केलेला आहे. चांदपुरी, धरमवीर, भैरोसिंग ही खरी नावं वापरली. थांबायचं की मागे जायचं हा पेच खरा, रात्रभर विमान येणार नाही हे खरं, आरसीएलची जीप खरी, पहाटेची वाट बघणं खरं. वाळवंटातली ती वाट बघण्याची रात्र जी पडद्यावर आहे ना, ती घशाला कोरड पाडते, आणि तो भाग मी आजही मानतो. शेवटी तर विजयाचा जल्लोष न करता, दोन्हीकडची प्रेतं दाखवत, शत्रूला भाऊ म्हणणारं गाणं आहे, त्यासाठी हरिहरन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढ्या आरडाओरड्याच्या पिक्चरचा शेवट असा करायला हिंमत लागते.

गाण्यांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. कुणी म्हणेल ठाण्यावर असं कोण नाचतं गातं, पण चिठ्ठीची वाट बघणं हे खरं होतं आणि ते गाण्यात आलंय, गाणं खोटं असून वाट बघणं खरं आहे, चालतंय. सनी देओलची डरकाळी पण मला चालते. खरे चांदपुरी त्या रात्री खंदकाखंदकातून फिरून जवानांना धीर देत होते, आता पडद्यावर धीर देणं म्हणजे ओरडणं असं झालं असेल तर झालं, तेवढं चालवून घ्यायचं.

चालवून घेता येत नाही ते दोन. एक, शेवटी शेवटी आपले जवान खंदक सोडून टँकच्या अंगावर धावून जातात. खरी कंपनी उंचवट्यावरच्या आपल्या जागेवर टिकून राहिली, हलली नाही, आणि तेच तर डोकं होतं. जागा सोडली असती तर टँकच्या मशीनगनपुढे अर्ध्या तासात सगळं संपलं असतं. काकांच्या शब्दांत, "फौजेत शिकवतात की जागा धरून ठेव, आणि पिक्चर शिकवतो की जागा सोडून पळत सुट, फक्त पुढच्या दिशेने." यावर मॅडमसुद्धा हसल्या.

दुसरं म्हणजे मरणं. धरमवीर मरतो, भैरोसिंग मरतो, सुट्टीवर निघालेला मथुरादास परत येतो आणि मरतो. का मारले? एक कारण धंद्याचं आहे आणि ते कुणालाही कळेल, की पिक्चरमध्ये इतके स्टार आहेत, प्रत्येकाला घरचं एक गाणं, एक आई किंवा बायको किंवा होणारी बायको दिलीय, मग त्या सगळ्याचा हिशेब शेवटी मरणानेच चुकता होतो. आईला दिलेलं वचन आणि सुखरूप परत येणं यात प्रेक्षकाला रडवण्यासारखं काही राहत नाही. दुसरं कारण माझा आपला अंदाज, की ज्याचा सख्खा भाऊ विमानातून परत आला नाही त्याला सगळे परत आलेली लढाई काढायला जड गेलं असेल. तो अंदाज खरा असो नसो, पडद्यावर जे आलं ते असं आलं की शौर्य म्हणजे मरण. आणि लोंगेवाला नेमकी त्याच्या उलट गोष्ट आहे. इथे एका मेजरने 40 टँकसमोर अख्खी रात्र काढली आणि सकाळी आपली जवळपास सगळी माणसं जिवंत ठेवली. जगाच्या लष्करी इतिहासात असं फार वेळा होत नाही. म्हणजे पिक्चरने लढाई मोठी करून दाखवली असं लोकांना वाटतं, मला वाटतं लहान केली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या दिवशी 'बॉर्डर' लागला त्याच दिवशी दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये तोच पिक्चर चालू असताना तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, धूर वर बाल्कनीत भरला, बाहेर पडायचे रस्ते अडलेले, आणि 59 माणसं गेली. लोंगेवालाला आपली 2 माणसं गेली, आणि त्या लढाईचा पिक्चर बघताना एका दुपारी 59. त्यात लहान मुलं होती. त्यांच्या आईवडलांनी पुढची कितीतरी वर्षं कोर्टात काढली, त्यावर नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांनी पुस्तक लिहिलं आणि 2023 मध्ये त्यावरून मालिकाही आली. मी हे आमच्या चहाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा दोनतीन जणांना माहीतच नव्हतं. टँकपुढे मेलेला माणूस पडद्याला कळतो, बंद दारापुढे मेलेला कळायला 25 वर्षं लागतात.

मॅडमचा मुद्दा, आणि तो हलका नाहीये

मॅडमनी शेवटी जो प्रश्न टाकला त्याला काकांकडे लगेच उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणता तसं सगळं खरं दाखवलं, तार, वाळू, इंजिन गरम झालं, सकाळी विमान आलं, संपलं, तर हा हॉल भरला असता का? आणि हॉलच भरला नाही तर या पोराने तुम्हाला खरं काय झालं हे विचारलं असतं का?" बरोबर आहे. लोंगेवाला हे नाव आज धानोरीतल्या दहावीच्या पोराला माहितीये ते त्या पिक्चरमुळेच. त्याच युद्धात बसंतर झालं, हिली झालं, तिथे आपली माणसं कितीतरी जास्त गेली, ती नावं किती जणांना सांगता येतील? कॅम्पाच्या बाजूला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, पुण्याच्या लोकांच्या वर्गणीतून झालेलं, तिथे महाराष्ट्रातल्या जवानांची नावं कोरलीयत, पोरं तिथे विमानासोबत सेल्फी काढतात आणि नावांच्या भिंतीपुढून तशीच निघून जातात. नाव दगडावर असून उपयोग नाही, कुणीतरी गोष्ट सांगावी लागते.

पण खरं दाखवलं की कुणी बघत नाही हेही पूर्ण खरं नाही. पुण्याच्याच नचिकेत आणि जयू पटवर्धन या आर्किटेक्ट जोडप्याने 1979 मध्ये '22 जून 1897' काढला, प्लेगच्या काळातल्या रँडच्या वधावर, म्हणजे आपल्या गणेशखिंडीत घडलेल्या घटनेवर. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती घटना बघा किती अडचणीची आहे पिक्चरसाठी. चापेकर बंधूंचा नेम रँडवर, पण त्या रात्री जागच्या जागी मेला तो मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट, रँड गेला 3 जुलैला, हॉस्पिटलमध्ये. आणि त्याच प्लेगमध्ये, रँडच्या वधाच्या तीन महिने आधी, 10 मार्चला, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. एका शहरातलं एकच संकट, त्यात पिस्तूल असलेल्या माणसाची गोष्ट पहिली पडद्यावर येते, आजाऱ्याला उचलून नेणाऱ्या बाईची मागे राहते. हे मी कुणाला नावं ठेवायला म्हणत नाहीये. खोटं दाखवणं वेगळं आणि खऱ्यातलं एवढंच दाखवणं वेगळं, दुसऱ्याला प्रेक्षक म्हणून आपण थोडी भर घालू शकतो, पहिल्यात मात्र आपल्याला कळतच नाही की काही राहिलंय. भैरोसिंग मेला असं दाखवलं की कुणी त्याला शोधायला जाणार नाही ना.

आमच्या ओळखीतले एक जण काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरच्या टूरला गेले होते, तनोट मातेचं मंदिर, लोंगेवालाचं वॉर मेमोरियल, पकडलेले पाकिस्तानी टँक, सगळं बघून आले. त्यांनी सांगितलं की गाडीवाला प्रत्येक वाळूच्या टेकाडापाशी इथे सनी पाजी उभा होता, इथे सुनील शेट्टी पडला, असंच सांगत होता. तेव्हा भैरोसिंग त्याच राजस्थानात, काही तासांच्या अंतरावर, जिवंत होते, आणि टूरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या गावाचं नाव असायचं काही कारणच नव्हतं, कारण बसमधल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते 1997 लाच गेलेले.

हवाई दल आणि पायदळ यांच्यात श्रेय कुणाचं यावरून निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये पुढे वाद झाला, तो मी इथे उघडत नाही, त्यावर आमच्या सोसायटीतसुद्धा दोन पार्ट्या आहेत आणि एअरफोर्सवाले बी विंगला राहतात. मला एवढंच दिसतं की रात्री पायदळ थांबलं नसतं तर सकाळी विमानांना मारायला टँक तिथे सापडले नसते, आणि सकाळी विमानं आली नसती तर पायदळाची ती रात्र शेवटची ठरली असती. पिक्चरमध्ये हे त्यातल्या त्यात नीट आलंय, हवाई दलाचा अधिकारी झालेल्या जॅकी श्रॉफच्या वाट्याला बराच वेळ दिलाय.

निकाल काय लागला तर मीटिंगमध्ये विषय निघालाच. काकांची मागणी होती की पुढच्या वेळी 'बॉर्डर' लावूच नका. मॅडमनी सांगितलं लावणार, पण काकांनी आधी पंधरा मिनिटं बोलायचं, टँक आणि वाळूचं जे चहाच्या वेळी सांगितलं तेच. काका म्हणाले माझ्याने पंधरा मिनिटांत होत नाही. सेक्रेटरी म्हणाले की बोलण्यात वेळ जाईल, त्यापेक्षा नोटीस बोर्डावर कागद लावा. मग ज्यांना कशाचीही पाटी करायची हौस असते अशा आमच्या एका मेंबरने दुसऱ्याच दिवशी लिफ्टशेजारी सुवाच्य अक्षरात चिकटवली:

"चित्रपटात मृत दाखवलेले ले. धरमवीर व श्री. भैरोसिंग हे प्रत्यक्ष लढाईतून सुखरूप परतले होते, याची रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मागून ओरडून सांगू नये. हुकुमावरून."

काकांनी खाली पेनाने दुरुस्ती केली, "श्री." खोडून "लान्स नायक" केलं, आणि "हुकुमावरून" पुढे "कोणाच्या?" असं लिहिलं. मॅडमचं उत्तर अजून आलेलं नाही.